रक्ताचा कॅन्सर असताना हृदयाचं ऑपरेशन होऊ शकतं का?

छातीत दुखतं म्हणून अँजिओग्राफी होते. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे सापडतात आणि बायपास करायची असं ठरतं. ऑपरेशनआधी नेहमीप्रमाणे रक्त तपासलं जातं आणि पांढऱ्या पेशींचा आकडा येतो ६०,०००. निरोगी माणसात तो साधारण ४,००० ते ११,००० असतो. आणखी तपासण्या होतात आणि निदान हाती येतं: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. रुग्णाला त्याचा कसलाही त्रास जाणवलेला नसतो.

घरच्यांसमोर आता एकाच वेळी दोन आजार उभे असतात. आधी कॅन्सर बघायचा की हृदय? अशा अवस्थेत छाती उघडणं झेपेल का? 'कॅन्सर' हा शब्द ऐकूनच काही घरांत ऑपरेशनचा विचार सोडून दिला जातो. काही ठिकाणी उलट होतं. हृदयाची घाई आहे म्हणून रक्ताच्या आजाराकडे दुर्लक्ष होतं. दोन्ही गोष्टी रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

थोडक्यात उत्तर असं, की रक्ताचा कॅन्सर असलेल्या अनेक रुग्णांवर हृदयाचं ऑपरेशन करता येतं. मात्र कॅन्सर कोणता आहे, तो कोणत्या टप्प्यावर आहे, रक्तपेशींचे आकडे काय आहेत आणि ऑपरेशन कधी करायचं, या चार गोष्टींवर निर्णय ठरतो. आणि तो हृदयशल्यविशारद आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो.

रक्ताचा कॅन्सर हा एकच आजार नाही

ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे रक्ताच्या कॅन्सरचे मुख्य गट. त्यातही बरेच उपप्रकार आहेत आणि ऑपरेशनच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा प्रामुख्याने उतारवयातला, संथ आजार आहे. अनेक रुग्णांना वर्षानुवर्षं औषधही लागत नाही, फक्त ठरावीक काळाने तपासणी करत राहावं लागतं. हृदयाच्या झडपा आणि रक्तवाहिन्यांचे आजारही याच वयात होतात. त्यामुळे हृदयाच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत हा प्रकार बऱ्याचदा दिसतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया एकेकाळी जीवघेणा होता. २००१ मध्ये इमॅटिनिब हे गोळीच्या रूपातलं औषध आलं आणि चित्र पालटलं. गोळ्या नियमित घेणारे बरेच रुग्ण आता जवळपास सामान्य आयुष्य जगतात. आजार असा काबूत असेल, तर केवळ त्यासाठी बायपास नाकारण्याचं कारण नसतं.

ॲक्यूट ल्युकेमिया मात्र वेगळा. इथे बोन मॅरो नीट काम करत नसतो. प्लेटलेट्स आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी दोन्ही घटलेल्या असतात आणि आजार आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो. अशा वेळी, अगदी जीव वाचवण्यासाठी लागलं तरच मोठं ऑपरेशन केलं जातं. एरवी आधी केमोथेरपी देऊन आजार आटोक्यात आणला जातो.

मायलोमामध्ये रक्तात एक विशिष्ट प्रथिन वाढतं. त्यामुळे किडनीवर ताण येतो, हाडं ठिसूळ होतात आणि कधी कधी रक्त दाट होतं.

याशिवाय पॉलिसायथेमिया व्हेरा आणि इसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया हे आजार आहेत. पहिल्यात लाल पेशी आणि दुसऱ्यात प्लेटलेट्स प्रमाणाबाहेर वाढतात. दोन्हींत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो.

कॅन्सर आणि हृदयरोग एकाच माणसाला का होतात?

याचं एक कारण वय. दुसरं कारण म्हणजे कॅन्सरचे उपचार.

लिम्फोमा आणि ॲक्यूट ल्युकेमियात वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. हा धोका आयुष्यभरात मिळालेल्या एकूण डोसबरोबर वाढतो. डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅमपर्यंत पोचल्यावर हार्ट फेल्युअरचं प्रमाण सुमारे ५ टक्के असतं. ५५० मिलिग्रॅमवर ते सुमारे २६ टक्क्यांपर्यंत जातं, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसलं. म्हणूनच डॉक्टर या औषधाच्या डोसची आयुष्यभराची बेरीज ठेवतात.

हॉजकिन लिम्फोमासाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्या तरुण रुग्णांना कॅन्सर बरा झाल्यावर १०-२० वर्षांनी हृदयाचा त्रास सुरू होऊ शकतो. झडपांवर चुना साठतो, रक्तवाहिन्या अरुंद होतात. फुप्फुसं आणि छातीच्या ऊतीही कडक झालेल्या असू शकतात, त्यामुळे ऑपरेशन अवघड होतं. बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूची जी धमनी वापरतात, तीही रेडिएशनने खराब झाली आहे का, हे आधी पाहावं लागतं.

काही नव्या गोळ्यांचाही हृदयाशी संबंध आहे. आयब्रुटिनिबमुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, तर निलोटिनिबमुळे रक्तवाहिन्यांत अडथळे वाढू शकतात.

ऑपरेशन टेबलावर नेमकी अडचण कुठे येते?

हृदयाच्या अनेक ऑपरेशनमध्ये हृदय काही काळ थांबवलं जातं. तेवढा वेळ हार्ट-लंग मशीन हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी या यंत्राच्या मदतीने पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. तत्त्व आजही तेच आहे. शरीरातलं रक्त नळ्यांतून बाहेर येतं, यंत्रात त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि ते परत शरीरात जातं.

या प्रवासाची रक्ताला किंमत मोजावी लागते. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपरिन मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. नळ्यांतल्या द्रवामुळे रक्त पातळ होतं, प्लेटलेट्स वापरल्या जातात आणि उरलेल्या प्लेटलेट्सही काही काळ नीट काम करत नाहीत. निरोगी रक्त हा धक्का पचवतं. जे रक्त आधीच आजारी आहे, त्याला तो जड जातो. यातून चार प्रकारचे धोके संभवतात.

१. रक्तस्राव. प्लेटलेट्स साधारण दीड लाख ते साडेचार लाख असायला हव्यात. मोठ्या ऑपरेशनसाठी त्या किमान ५०,००० असाव्यात असं मानलं जातं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये बरेच डॉक्टर १ लाखाच्या आसपासची पातळी पसंत करतात. कमी असतील तर ऑपरेशनआधी आणि ऑपरेशनच्या वेळी बाहेरून द्याव्या लागतात. पण फक्त आकडा पुरेसा नाही. इसेन्शियल थ्रोम्बोसायथेमियात प्लेटलेट्स १० लाखांच्या वर गेल्या तर उलट रक्तस्रावच वाढू शकतो, कारण रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन त्या शोषून घेतात.

२. जंतुसंसर्ग. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात पांढऱ्या पेशी भरपूर असल्या तरी त्या कामाच्या नसतात, आणि शरीरातली प्रतिपिंडंही कमी झालेली असतात. बायपाससाठी छातीचं मधलं हाड कापावं लागतं. तिथे जंतूंनी शिरकाव केला तर ते फार गंभीर ठरतं. न्यूट्रोफिल पेशी प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली असतील तर शक्यतो ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

३. गुठळ्या. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवलं तर हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या कमी होतात, हे २०१३ मध्ये एका चाचणीत दिसून आलं. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी रक्त काढून किंवा औषध देऊन ही पातळी खाली आणतात.

४. थंडी. ऑपरेशनच्या वेळी शरीराचं तापमान बऱ्याचदा मुद्दाम उतरवलं जातं. लिम्फोमाच्या काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, की थंडीत लाल पेशी एकमेकींना चिकटतात. यंत्र चालू असताना असं झालं तर अनर्थ होऊ शकतो. आधी कळलं तर उपाय सोपा आहे. शरीर थंड न करता ऑपरेशन करायचं.

रिपोर्टही फसवू शकतो

पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात असतील तर काही रिपोर्ट दिशाभूल करतात. या नाजूक पेशी नळीतच फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम धोकादायक पातळीवर दिसतं, प्रत्यक्षात शरीरात ते ठीक असतं. त्या आकड्यावर विसंबून पोटॅशियम उतरवणारं औषध दिलं, तर ते खरोखरच नको इतकं उतरेल आणि हृदयाचे ठोके बिघडतील.

ऑक्सिजनचंही तसंच. काढलेल्या रक्तातल्या असंख्य पेशी सिरिंजमध्येच ऑक्सिजन वापरत राहतात आणि रिपोर्टमध्ये ऑक्सिजन खोटाच कमी येतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र योग्य आकडा दाखवत असतो. यावर उपाय म्हणजे नमुना बर्फात ठेवून लगेच तपासणं.

आकड्याचा अर्थही आजारानुसार बदलतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात पांढऱ्या पेशी १ लाखाच्या वर गेल्या तरी बहुधा रक्तप्रवाह अडत नाही. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात तोच आकडा आणीबाणीचा असतो, कारण त्या मोठ्या, चिकट पेशी मेंदू आणि फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या बंद करू शकतात.

औषधं कोणती थांबवायची, कोणती नाही?

हा निर्णय घरी घ्यायचा नसतो.

आयब्रुटिनिब आणि त्याच्या गटातल्या गोळ्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात. ऑपरेशन किती मोठं आहे ते पाहून त्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ३ ते ७ दिवस बंद ठेवण्याचा विचार केला जातो. उलट रुक्सोलिटिनिब हे औषध एकदम बंद केलं तर आजार उसळी मारू शकतो. मायलोमासाठीच्या लेनालिडोमाइडमुळे गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून त्याचंही वेळापत्रक आधी ठरवावं लागतं. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णाची जखम उशिरा भरते आणि साखर वाढते. तरीही ती अचानक बंद करता येत नाहीत.

नातेवाइकांचं रक्त का नको?

ऑपरेशन म्हटलं की भाऊ, मुलगा, पुतण्या रक्त द्यायला पुढे येतात. भावना चांगली असली तरी रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी इथे एक गंभीर धोका आहे.

दात्याच्या रक्तात जिवंत पांढऱ्या पेशी असतात. एरवी रुग्णाचं शरीर त्यांना परके म्हणून ओळखतं आणि संपवतं. प्रतिकारशक्ती क्षीण असेल किंवा दाता जवळचा नातेवाईक असल्याने पेशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतील, तर त्या टिकून राहतात, वाढतात आणि रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. हा प्रकार दुर्मिळ आहे, पण झाला तर १० पैकी ९ हून अधिक रुग्ण दगावतात.

तो टाळण्यासाठी रक्ताच्या पिशवीला रेडिएशन दिलं जातं. त्यामुळे त्या पेशींची वाढण्याची क्षमता संपते. असं रक्त किरणोत्सारी होत नाही, रुग्णाला त्यापासून धोका नसतो. हॉजकिन लिम्फोमाचे रुग्ण, फ्लुडाराबिनसारखी औषधं घेतलेले आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेले रुग्ण यांच्यासाठी, तसंच जवळच्या नातेवाइकाचं रक्त वापरायचं असेल तेव्हा हे आवश्यक मानलं जातं. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला म्हणून रेडिएशनची गरज संपत नाही. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते, त्यामुळे आधीच चौकशी करावी लागते. घरच्यांना मदत करायचीच असेल तर ते रक्तपेढीत इतर रुग्णांसाठी रक्तदान करू शकतात.

ऑपरेशन कोणतं आणि कधी?

छाती उघडणं हा एकच मार्ग नसतो.

महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवता येते. फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा ती माणसात बसवली. या पद्धतीत छाती कापावी लागत नाही, हार्ट-लंग मशीन लागत नाही आणि रक्तही कमी जातं. काही रुग्णांत बायपासदेखील हृदय चालू ठेवून, यंत्राशिवाय करता येते.

झडप बदलायची असेल तर कोणती झडप, हाही प्रश्न येतो. धातूची झडप जास्त टिकते, पण ती बसवली की रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ज्याच्या प्लेटलेट्स केमोथेरपीने वारंवार घटणार आहेत, त्याला ही गोळी धोक्याची ठरते. अशा वेळी प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप निवडण्याकडे कल असतो.

स्टेंट टाकला तर छाती उघडावी लागत नाही, पण त्यानंतर काही महिने ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दोन औषधं घ्यावी लागतात. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कॅन्सरच्या रुग्णात प्लेटलेट्स १०,००० च्या खाली असतील तर ॲस्पिरिन, ३०,००० च्या खाली असतील तर क्लोपिडोग्रेल, आणि ५०,००० च्या खाली असतील तर प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर देऊ नये. म्हणजे स्टेंट हा दरवेळी सोपा पर्याय असतोच असं नाही.

वेळेचं गणितही महत्त्वाचं. केमोथेरपीनंतर साधारण १० ते १४ दिवसांनी पेशींचे आकडे सर्वांत खाली जातात आणि मग सावरतात. घाई नसेल तर आकडे सावरल्यानंतर आणि पुढचा डोस सुरू होण्याआधी ऑपरेशन बसवलं जातं. छातीचं हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, त्यामुळे पुढची केमोथेरपी कधी सुरू करायची हेही आधीच ठरवतात. हार्ट अटॅक किंवा झडपेला झालेला गंभीर जंतुसंसर्ग अशा वेळी मात्र थांबायला सवड नसते.

ऑपरेशन न करणंच योग्य, असं कधी असतं?

कॅन्सर कोणत्याही उपचाराला दाद देत नसेल आणि आयुष्य काही महिन्यांचंच उरलं असेल, तर मोठ्या ऑपरेशनच्या वेदना देण्यात अर्थ नसतो. तेव्हा औषधांनी त्रास कमी करण्यावर भर दिला जातो.

दुसरी परिस्थिती अमायलॉयडोसिसची. मायलोमाशी संबंधित या आजारात सदोष प्रथिन हृदयाच्या स्नायूत साठतं आणि हृदय कडक होतं. अशा वेळी झडप बदलली तरी मूळ कडकपणा जात नाही. म्हणून मायलोमाच्या रुग्णाचा दम हृदयामुळे लागत असेल, तर आधी या आजाराची शंका तपासून पाहावी लागते.

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो" हे खरं का?

ही समजूत अनेकांच्या मनात घर करून आहे. ल्युकेमियाच्या पेशी मुळातच रक्तात आणि बोन मॅरोत सगळीकडे असतात. त्यामुळे छातीवरच्या चिरेमुळे त्या 'पसरण्याचा' प्रश्नच येत नाही. हार्ट-लंग मशीनमुळे रक्ताचा कॅन्सर बळावतो, याचाही ठोस पुरावा नाही. या भीतीपोटी ऑपरेशन टाळणाऱ्या रुग्णाचा जीव कॅन्सरऐवजी हृदयरोगाने जाऊ शकतो.

डॉक्टरांना काय विचारावं?

कॅन्सरचे उपचार एका रुग्णालयात आणि हृदयाचे दुसऱ्या, असं अनेकदा होतं. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दिसतीलच असं नाही. म्हणून निदानाचा रिपोर्ट, आतापर्यंतच्या केमोथेरपीची औषधं आणि डोस, रेडिएशनची माहिती आणि सध्याच्या गोळ्यांची यादी एकाच फाइलमध्ये ठेवावी. आणि हे प्रश्न विचारावेत:

• रक्तविकारतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद यांचं एकमेकांशी बोलणं झालं आहे का?
• कॅन्सर सध्या आटोक्यात आहे का? ऑपरेशन थोडं थांबू शकतं का?
• छाती न उघडता करता येण्यासारखा पर्याय आहे का?
• कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची?
• रेडिएशन दिलेलं रक्त लागणार आहे का? प्लेटलेट्सची सोय झाली आहे का?
• केमोथेरपी पुन्हा कधी सुरू होईल?

ऑपरेशननंतर घरी आल्यावर ताप येणं, जखमेतून पाणी किंवा पू येणं, छातीच्या हाडात कटकट जाणवणं, अंगावर निळे-लाल डाग उठणं किंवा शौचातून रक्त जाणं यांपैकी काहीही झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. इतर रुग्णांच्या बाबतीत किरकोळ वाटणारा ताप या रुग्णांत काही तासांत गंभीर होऊ शकतो. लगेच रुग्णालय गाठावं आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं, की रुग्णाला रक्ताचा कॅन्सर आहे आणि हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे.